साष्टीचे पाद्री आणि त्यांचे पुराण

गोव्याच्या साष्टी प्रांतात, म्हणजे जुवारी नदीच्या दक्षिणेस मडगाव आणि रायतूरच्या परिसरात, इ. स. १५६० पासून पुढे दोन शतके कॅथलिक पंथातील येशूसंघाच्या धर्मगुरूंनी जे कार्य केले, त्याच्या दोन बाजू मराठी वाचकाला बहुधा दोन वेगवेगळ्या ग्रंथांतून भेटतात. गोव्याच्या राजकीय इतिहासात हे धर्मगुरू देवळांच्या विध्वंसाचे साथीदार आणि सक्तीच्या धर्मांतराचे पुरस्कर्ते म्हणून येतात; मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र तेच ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, मराठीची थोरवी गाणारे परदेशी कवी आणि कोकणीचे पहिले व्याकरणकार म्हणून आदराने उल्लेखिले जातात. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकाच प्रांतात, फार तर तीन पिढ्यांच्या अवधीत आणि एकाच संस्थेच्या घरांतून घडल्या, आणि त्या एकमेकींपासून तोडल्या तर दोन्ही अपुऱ्या राहतात. देवळे पाडली गेली म्हणूनच पुराणाची उणीव निर्माण झाली, आणि ती उणीव ज्यांनी भरून काढली ते देवळे पाडणाऱ्या सत्तेच्याच छायेत वावरणारे होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय साष्टीचा हा काळ उलगडत नाही.

येशूसंघ ही त्या काळी अगदी तरुण संस्था होती. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरील प्रार्थनास्थळात इग्नेशियस लोयोला आणि त्यांचे सहा सोबती यांनी दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांची व्रते घेतली, आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी या मंडळीला संघ म्हणून मान्यता दिली. जुन्या संन्यासी संघांप्रमाणे मठात राहून दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी सामुदायिक प्रार्थना गाण्याचे बंधन येशूसंघीयांवर नव्हते. उलट पोप पाठवतील तेथे विनातक्रार जाण्याचे एक जादा व्रत त्यांच्यातील ज्येष्ठ सदस्य घेत असत. त्यामुळे समुद्रापलीकडच्या कामाला हा संघ जात्याच सोयीचा ठरला. प्रत्येक ठाण्यावरून वरिष्ठांना नियमाने सविस्तर पत्रे पाठवण्याची शिस्तही आरंभापासून होती, आणि आज इतिहासकारांना सोळाव्या शतकातील गोव्याविषयी जे तपशील मिळतात त्यांतील फार मोठा भाग या पत्रांतूनच आलेला आहे. जोसेफ विकी यांनी संपादित केलेल्या ‘दोकुमेंता इंदिका’च्या अठरा खंडांत ही पत्रे संकलित झाली आहेत. मात्र ती एका पक्षाची साक्ष आहे, आणि दुसऱ्या पक्षाने त्याच घटनांविषयी लिहून ठेवलेले असे जवळजवळ काहीच हाती लागत नाही, ही मर्यादा पुढील हकिकत वाचताना सतत जाणवते.

पोर्तुगालच्या राजाला पोपकडून ‘पाद्रुआदो’ नावाचा अधिकार मिळालेला होता. पूर्वेकडील चर्चचा खर्च राजाने चालवावा, चर्च बांधावीत, मिशनरी पाठवावेत, आणि त्या बदल्यात तेथील बिशप व अन्य धर्माधिकारी यांच्या नेमणुकीत त्याचा शब्द चालावा, असा हा करार होता. राजा तिसरा जुआंव याने नव्या संघाकडे माणसे मागितली, तेव्हा आधी ठरलेले बोबादिया आजारी पडल्यामुळे नवारच्या फ्रान्सिस झेवियर यांची निवड झाली. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले, वाटेत मोझांबिकला त्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात पोहोचले. गोव्यात फ्रान्सिस्कन संन्यासी त्याआधी पाव शतक येऊन राहिले होते, कॅथेड्रलही होते; त्यामुळे झेवियर कोऱ्या भूमीवर आले असे नव्हे. राजाच्या इस्पितळात मुक्काम, कैद्यांच्या आणि महारोग्यांच्या भेटी, आणि हातातली घंटा वाजवीत रस्त्यातून मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणे, असा त्यांचा पहिल्या काही महिन्यांचा दिनक्रम होता. त्यानंतर ते दक्षिणेतील मोतीकिनाऱ्यावरच्या परवा कोळ्यांकडे गेले, पुढे मलाक्का, मोलुक्का, जपान असा प्रवास करीत ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरील शांगचुआन बेटावर वारले. १५५४ मध्ये गोव्यात आणलेला त्यांचा देह आज जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये आहे.

झेवियर यांच्या पुण्याईविषयी भाविकांच्या मनात जे स्थान आहे त्याला धक्का न लावता दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. एक, त्यांना कोकणी किंवा मराठी येत नव्हती, आणि ती शिकण्याइतका काळ ते गोव्यात राहिलेही नाहीत. दुसरी, १६ मे १५४६ च्या पत्रात त्यांनी राजाकडे भारतात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या धर्मनिष्ठेची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायासन, स्थापन करण्याची मागणी केली होती. हे न्यायासन १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, गोव्यात सुरू झाले. ते चालवणारे येशूसंघीय नव्हते. तरी त्याची मागणी करणाऱ्यांत संघाचा सर्वांत थोर माणूस होता, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

संघाचे गोव्यातील केंद्र म्हणजे सेंट पॉल कॉलेज. मुळात ते १५४१ मध्ये मिगेल वाझ आणि दियोगो दे बोर्बा या दोघा धर्मगुरूंच्या पुढाकाराने, विविध देशांच्या मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी निघाले होते, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते पूर्णपणे येशूसंघाच्या हाती आले. या कॉलेजाच्या खर्चासाठी तिसवाडी बेटावरील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून देण्यात आले होते. १५५६ मध्ये इथिओपियाकडे निघालेल्या येशूसंघीयांबरोबरचे छापखान्याचे सामान गोव्यात उतरले आणि येथेच राहिले. भारतात छपाईला सुरुवात झाली ती अशी, सेंट पॉलच्या आवारात, हुआन दे बुस्तामांते या संघबंधूच्या हातून. संघबंधू म्हणजे संघाची व्रते घेतलेला, पण पुरोहितपदाची दीक्षा न घेतलेला सदस्य. हुआन गोन्साल्विस या दुसऱ्या कुशल संघबंधूने तमिळ खिळे पाडले आणि त्या खिळ्यांच्या आधारे १५७८ मध्ये कोल्लम येथे तमिळ पुस्तक छापून निघाले. देवनागरीचे खिळे पाडण्याचाही प्रयत्न त्याच्याकडून झाला होता, परंतु अक्षरांची वळणे आणि जोडाक्षरांची संख्या यांपुढे तो अर्धवट सुटला. या अर्धवट सुटलेल्या कामाचे परिणाम मराठीला पुढे दीर्घकाळ भोगावे लागले.

साष्टी आणि बारदेश हे दोन प्रांत १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे आले. गोव्यातील धर्मप्रसाराची विभागणी १५५५ च्या सुमारास झाली, तीत बारदेश फ्रान्सिस्कनांकडे गेले, तिसवाडी येशूसंघीय व डोमिनिकन यांच्यात वाटली गेली, आणि साष्टी संपूर्णपणे येशूसंघाच्या वाट्याला आली. १५६० च्या मे महिन्यात फादर पेरू मास्कारेन्यास साष्टीत उतरले आणि कुठ्ठाळीपासून कामाला आरंभ झाला. पुढच्या दहा वर्षांत जे घडले त्याची आठवण गोव्यातील आणि गोव्याबाहेरील असंख्य मराठी-कोकणी घराण्यांच्या कुलदैवतांच्या स्थलांतरात अजून जिवंत आहे. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची महालसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते रातोरात नदी ओलांडून आदिलशाही मुलखातील अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, नेण्यात आली. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगेस याने साष्टीतील देवळे पाडण्याची व जाळण्याची जी मोहीम चालवली, तीत गेलेल्या देवळांची संख्या २८० च्या आसपास सांगितली जाते. ही मोहीम सरकारची होती, परंतु येशूसंघीयांच्या पत्रांत तिचे वर्णन समाधानाने आणि उत्साहाने आलेले आहे, आणि काही ठिकाणी धर्मगुरू स्वतः सैनिकांबरोबर हजर होते. मंदिरांच्या जमिनी यानंतर चर्चच्या खर्चाकडे वळवण्यात आल्या.

देवळे पाडणे हा या व्यवस्थेचा एक भाग होता. दुसरा भाग कायद्याचा होता आणि तो अधिक खोलवर गेला. १५५९ च्या राजाज्ञेनुसार आईबाप नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची तरतूद झाली, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ पितृहीन मुलेही तिच्यात ओढली गेली. ‘पाय दुश क्रिश्तांव’, म्हणजे ख्रिस्ती जनांचा पालक, हे एक अधिकारपद होते आणि ते वारंवार येशूसंघीयांकडे असे. नवख्रिस्तींच्या मालमत्तेचे व हक्कांचे रक्षण करणे हे त्याचे काम, आणि त्या कामाच्या ओघात हिंदूंवर दडपण आणण्याचे साधनही तेच. काही काळ हिंदूंना रविवारी प्रवचनाला हजर राहण्याची सक्ती होती. सरकारी कामे, मक्ते आणि वारसाहक्क यांत ख्रिस्तींना झुकते माप मिळाले. साष्टीतील सत्ता गावकऱ्यांच्या हाती होती. ‘गावकरी’ म्हणजे गावच्या आद्य वसाहतकार कुळांची संस्था. गावची जमीन, बांध, पाणी आणि देऊळ ही सारी तिच्या व्यवस्थेखाली असत. पोर्तुगीजांनी ही संस्था मोडली नाही, कारण महसूल तिच्याकडूनच येत होता. परिणामी कुळे ख्रिस्ती झाली तरी गावकरी टिकली, देवळाच्या जागी चर्चचा उत्सव तिच्या खर्चाने होऊ लागला, आणि जातीही चर्चच्या बंधुमंडळांत, म्हणजे ‘कोंफ्रारियां’त, वेगवेगळ्या राहिल्या. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जातिभेद का उरला याचे उत्तर पाद्रींच्या शिकवणुकीपेक्षा जमिनीच्या या व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य होय.

याच वर्षांत एक निराळा प्रवाह सुरू झाला होता. येशूसंघीय लुईश फ्रोइश यांच्या १५५९ च्या पत्रावरून असे दिसते की, नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाच्या मदतीने मुख्य भूमीवरील एका विद्वानाच्या घरातील पोथ्या सेंट पॉलमध्ये आणण्यात आल्या आणि त्यांतील मजकुराची भाषांतरे करून हिंदू विद्वानांशी होणाऱ्या वादांत त्यांचा उपयोग केला गेला. पोथ्या मिळवण्याची रीत निंद्य आणि हेतू खंडनाचा. तथापि खंडनासाठी का होईना, पोथी उघडून वाचावी लागते, आणि वाचणारा बुद्धिमान असेल तर तिचा छंद, तिची लय आणि श्रोत्यांवरील तिचा प्रभाव त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. पुढे संघाच्या रायतूरच्या कॉलेजात रामायण-महाभारतातील कथा कोकणी गद्यात, आणि त्यांबरोबर मराठी पद्ये, रोमन लिपीत उतरवून घेण्यात आली. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात ही हस्तलिखिते आहेत, आणि जुन्या कोकणी गद्याचा तो आज उपलब्ध असलेला सर्वांत मोलाचा साठा आहे.

साष्टीतील संघर्ष टोकाला गेला तो १५८३ मध्ये. त्या वर्षी प्रांताचे प्रमुख म्हणून नेमलेले रुडॉल्फ आक्वाविवा हे इटलीतील आत्रीच्या सरदार घराण्यातील बत्तीस वर्षांचे गृहस्थ नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. अकबराने १५७९ मध्ये गोव्याला दूत पाठवून धर्मगुरू मागवले, तेव्हा आक्वाविवा, कॅटलोनियाचे आंतोनी मोन्सेरात आणि फारसी जाणणारे फ्रान्सिश एन्रिकेश हे तिघे फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. अनेक भाषांत छापलेले भव्य बायबल त्यांनी बादशहाला नजर केले, इबादतखान्यातील धर्मविषयक वादांत भाग घेतला, मोन्सेरात यांनी तर शहजादा मुरादला शिकवले आणि अकबराबरोबर काबूलच्या वाटेवरही मजल मारली. बादशहाने त्यांचा सन्मान केला, परंतु तो ख्रिस्ती झाला नाही, आणि निराश होऊन आक्वाविवा गोव्याला आले. मोन्सेरात यांचा शेवट पुढे १६०० मध्ये साष्टीतच झाला. मोगल दरबारात जे पाद्री समानतेच्या भूमीवर उभे राहून युक्तिवाद करीत होते, तेच साष्टीत पोर्तुगीज कप्तानाच्या बळावर वावरत होते, आणि एकाच माणसाच्या आयुष्यात सहा महिन्यांच्या अंतराने हे दोन्ही प्रसंग यावेत, यावरून त्या काळच्या मिशनचे स्वरूप माणसांच्या स्वभावापेक्षा सत्तेच्या समीकरणाने ठरत होते हे स्पष्ट होते.

साष्टीच्या दक्षिणेकडील कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा ही गावे पोर्तुगीजांना महसूल द्यायला आणि धर्मांतराला विरोध करीत आली होती. त्यांना वठणीवर आणण्यासाठी आधीच्या काळात ज्या लष्करी मोहिमा झाल्या, त्यांत येथील देवळे जाळण्यात आली होती, आणि फादर पिएत्रो बेर्नो हे त्या मोहिमांत सैनिकांबरोबर होते. एका पवित्र वारुळाच्या जागी गाय मारून ते स्थान भ्रष्ट केल्याचे कृत्य येशूसंघाच्या स्वतःच्याच साधनांत बेर्नो यांच्या नावावर नोंदलेले आहे. १५ जुलै १५८३ रोजी आक्वाविवा, बेर्नो, आल्फोन्सो पाशेको, आंतोनियो फ्रान्सिश्को हे चार धर्मगुरू, फ्रान्सिश्को आरान्या हे संघबंधू आणि काही स्थानिक ख्रिस्ती मंडळी कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा पाहण्यास आणि तेथे क्रूस उभारण्यास गेली. गावकऱ्यांनी त्यांना घेरले. बरोबरच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक रोखली असता पाशेको यांनी त्याला थांबवले, असे परंपरा सांगते. पाचही येशूसंघीय आणि त्यांचे अनेक सोबती मारले गेले आणि त्यांचे देह विहिरीत टाकण्यात आले. ते देह परत मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्याचे काम ज्या तरुण इंग्रज पाद्रीने केले, त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

सरकारने यानंतर जो सूड घेतला तो विश्वासघाताचा होता. बोलणीसाठी म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. परंपरेनुसार ते सोळा होते आणि त्यांतला एकच नदीत उडी टाकून निसटला. गावे जप्त होऊन पुढे एका पोर्तुगीज सरदाराला इनाम दिली गेली. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये मारल्या गेलेल्या पाच येशूसंघीयांना ‘धन्यवादित’ म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले. गावकारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला गेली ती तेथेच आहे. वर्षातून एकदा तिची मिरवणूक छत्र्यांसह मूळ गावात येते, आणि बारा वांगडांचा, म्हणजे बारा मूळ कुळांचा, मान सांभाळणाऱ्या या उत्सवात गावची ख्रिस्ती कुळेही सामील होतात. एका पक्षाने हौतात्म्य म्हटले आणि दुसऱ्या पक्षाने उठाव म्हटला म्हणून या घटनेचे दोन इतिहास होत नाहीत. निःशस्त्र माणसांची हत्या आणि त्या हत्येपूर्वी झालेला जुलूम हे दोन्ही एकाच इतिहासाचे भाग आहेत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना जाच होता. त्यामुळे धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला देश सोडणे भाग होते. स्टीफन्स रोमला गेले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. स्वदेशात स्वधर्मासाठी छळ सोसणाऱ्या समाजातून आलेला हा माणूस परदेशात अशा सत्तेच्या आश्रयाला राहिला की जी दुसऱ्यांचा धर्म छळत होती, आणि याची खंत त्यांच्या लेखनात कोठे उमटलेली दिसत नाही, ही गोष्ट वाचकाला अस्वस्थ करते. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले, आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना प्रवासाचे जे पत्र लिहिले ते पुढे हॅक्लुट यांच्या प्रवाससंग्रहात छापले जाऊन इंग्लंडभर वाचले गेले. भारतात स्थायिक झालेले ज्ञात असे ते पहिले इंग्रज. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेर समजून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना सोडवण्याच्या कामी स्टीफन्स यांची मदत झाली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते असे निरीक्षण नोंदवले. विल्यम जोन्स यांच्या याच विषयावरील सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे.

स्टीफन्स यांच्या वाट्याला साष्टीतील जवळजवळ चाळीस वर्षे आली. मडगाव व रायतूर यांच्यामध्ये फिरत राहिलेल्या कॉलेजाचे ते काही काळ रेक्टर, म्हणजे प्रमुख, होते. एवढ्या काळात त्यांनी दोन भाषा दोन वेगळ्या कामांसाठी आत्मसात केल्या. घरात, शेतात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा कोकणी होती, म्हणून बालकांना शिकवण्याची प्रश्नोत्तरी त्यांनी कोकणीत केली. मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर आधारलेले हे पुस्तक १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूरला छापून निघाले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण दियोगो रिबेरो यांनी वाढवून १६४० मध्ये प्रसिद्ध केले, आणि आधुनिक भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याला मान मिळतो. परंतु देवळात ऐकायची, पुराणाची आणि कीर्तनाची भाषा गोव्यात मराठी होती. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये पूर्ण झाले होते, स्टीफन्स साष्टीत स्थिरावले तेव्हा एकनाथ हयात होते, आणि ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला ओवी छंद कोकणपट्टीत घराघरांत परिचित होता.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच या ग्रंथाचे कारण कवीने नाट्यरूपाने मांडले आहे. साष्टीतील चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्म शिकवीत असता एक ब्राह्मण उठून विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही आम्हाला का देत नाही? हा प्रश्न कोणी प्रत्यक्षात विचारला असो वा नसो, साष्टीच्या तत्कालीन समाजाची व्यथा त्यात नेमकी पकडलेली आहे. धर्म बदलल्यावर प्रार्थना, सण आणि नावे बदलता येतात; पण रात्रीच्या वेळी कथा ऐकण्याची शतकांची सवय तशीच राहते, आणि ती रिकामी राहिली तर माणूस नदीपलीकडच्या देवळात चोरून जातो. स्टीफन्स यांनी ही सवय मोडण्याऐवजी तिला नवा विषय दिला. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून मुक्तिदात्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा छत्तीस ‘अवस्वरां’त, म्हणजे अध्यायांत, आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र एकोणसाठ अवस्वरांत सांगितले आहे, सर्व मिळून ओव्या अकरा हजारांच्या घरात जातात. वैकुंठ, मुक्ती, गुरू, भक्त हे शब्द त्यात ख्रिस्ती अर्थाने सहज वावरतात. शुद्ध मराठी साष्टीच्या सर्वसामान्य माणसाला कठीण पडते म्हणून ब्राह्मणी कोकणीतील सोपे शब्द मिसळल्याचे कवीने प्रस्तावनेत सांगितले आहे. तरी पहिल्या अवस्वरात मराठी भाषेचे जे गुणगान आहे त्याइतका उत्कट भाषास्तव त्या शतकात कोणा मराठीभाषिक कवीनेही क्वचितच रचला असेल.

देवनागरीचे खिळे नसल्यामुळे हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोममधील संघप्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना, म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांच्याच काकांना, पत्र लिहून देशी लिपीत छपाई करण्याची परवानगी आणि सोय मागितली होती, परंतु ती झाली नाही. १६१६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तो पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत, मूर्धन्य वर्ण दाखवण्यासाठी अक्षरे दुहेरी लिहून. कवी १६१९ मध्ये गोव्यात वारले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणावारी, विशेषतः उपवासाच्या चाळीस दिवसांत, चर्चमधून तो वाचला व गायला जाऊ लागला.

स्टीफन्स यांच्यामागून आलेल्यांत ब्रिटनी प्रांतातील फ्रेंच धर्मगुरू एत्येन द ला क्रुआ हे सर्वांत समर्थ होत. त्यांचे संत पीटरविषयीचे पुराण १६२९ आणि १६३४ मध्ये दोन खंडांत निघाले. स्टीफन्स यांनी कथेवर भर दिला, तर ला क्रुआ यांनी हिंदू दैवतकथांच्या खंडनावर. परिणामी काव्य म्हणून ते रुक्ष, पण त्या काळी साष्टीच्या आसपास कोणत्या कथा व पंथ प्रचलित होते याची माहिती देणारे साधन म्हणून मोलाचे आहे. मोरोक्कोतील पोर्तुगीज ठाण्यात जन्मलेले आंतोनियो दे साल्दान्या यांनी संत अंतोनीचे चरित्र रचले, मिगेल दे आल्मेदा यांचा धर्मोपदेशपर ‘वनवाळ्यांचो मळो’ हा कोकणी ग्रंथ १६५८ च्या सुमारास अनेक खंडांत छापला गेला. रायतूरचा छापखाना या अर्धशतकात कोकणी-मराठी लेखनाचे सर्वांत कार्यक्षम केंद्र होता. गोव्याच्या १६०६ च्या प्रांतिक धर्मसभेने पॅरिशच्या धर्मगुरूला तेथील लोकांची भाषा आलीच पाहिजे असे ठरवले होते, त्यामागे येशूसंघीयांनी घालून दिलेला हा पायंडाच होता.

एका गोष्टीत मात्र हा संघ बंद राहिला. कोल्लमचा ब्राह्मण पेरू लुईश याला १५६१ मध्ये संघात घेतले गेले आणि १५७५ मध्ये त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. त्याच्यानंतर भारतीयांना संघाचे दार जवळजवळ कायमचे लागले. साष्टीच्या तरुणांना रायतूरला शिकून साधे पॅरिश पुरोहित होता येई, येशूसंघीय होता येत नसे. ज्यांनी स्टीफन्स आणि ला क्रुआ यांना शब्द दिले, पोथ्या वाचून दाखवल्या, ओवीचे वजन कानात बसवले, त्या स्थानिक गुरूंची नावे त्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर कोठेही नाहीत. लोकांच्या भाषेवर इतके प्रेम करणाऱ्या माणसांना त्या लोकांना आपल्या पंगतीत बसवता आले नाही, हा या मिशनचा मोठा दोष होता, आणि त्याची किंमत भाषेलाच मोजावी लागली. कारण ती जपणारे परदेशी पाद्री वारले किंवा कंटाळले, तेव्हा संघात तिचा कैवार घेणारा घरचा माणूस कोणी उरला नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या पाद्रींना कोकणी शिकण्याचा कंटाळा येऊ लागला, आणि तक्रारींवर तक्रारी गेल्या. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा जुवे बेट घेऊन साष्टी-बारदेशात शिरल्या, तेव्हा व्हाइसरॉय आल्वोरचा काउंट फ्रान्सिश्कु द ताव्होरा याने झेवियर यांच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड त्यांच्या हाती ठेवला. मराठे परतले, परंतु आपल्या प्रजेची भाषा शत्रूच्या भाषेशी मिळतीजुळती आहे ही भीती राहिली. २७ जून १६८४ रोजी त्याच व्हाइसरॉयने आज्ञा काढली की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा तीन वर्षांत सुटत नाही, आणि ती सुटलीही नाही. पण छापखाना थांबला आणि लेखन खुंटले. १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने येशूसंघाला पोर्तुगीज राज्यातून हद्दपार केले, गोव्यातील संघाची घरे जप्त झाली, आणि रायतूरचे कॉलेज पुढे गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात जाऊन पुरोहित घडवणारे विद्यालय झाले. पोप चौदावे क्लेमेंट यांनी १७७३ मध्ये संघच विसर्जित केला. तो पुन्हा उभा राहिला १८१४ मध्ये.

‘ख्रिस्तपुराण’ तरले ते गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरच्या जोसेफ साल्दान्या यांनी १९०७ मध्ये अशा हस्तलिखितांवरून रोमन लिपीतील संपादित आवृत्ती काढली, आणि तिच्या आधारे शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याआधी, मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडन संग्रहात या पुराणाची देवनागरी प्रत सापडली होती. छापील परंपरेत जेथे लॅटिन व पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत तेथे या प्रतीत संस्कृत शब्द आढळतात, आणि त्यामुळे स्टीफन्स यांनी आपले पुराण मुळात कोणत्या लिपीत व कोणत्या शब्दकळेत लिहिले, या प्रश्नाचा विचार अभ्यासकांना या दोन्ही परंपरांची ओवीओवीने तुलना करून करावा लागतो.